म्हादईचं ‘फक्त दोन टक्के’ पाणी: हे दोन टक्के कुठले आणि कधीचे?

सत्तरीकर_मास्तर

परवा रात्री बातम्यांत पुन्हा म्हादई नदीच्या पाण्याचा गोवा-कर्नाटक वाद लागला होता. कळसा-भांडुरा, म्हणजे म्हादईचं पाणी मलप्रभा नदीत वळवण्याचा कर्नाटकाचा प्रकल्प, त्याची बाजू मांडणारे एक गृहस्थ ठामपणे म्हणाले, कर्नाटक वळवणार ते खोऱ्यातलं फक्त दोन टक्के पाणी, बाकी सगळं गोव्याचंच. त्यावर आपल्या बाजूने बोलणाऱ्याने उत्तर दिलं, "म्हादई आमची आई आहे." आहेच ती. तिच्या एका व्हाळाच्या काठी माझं अख्खं बालपण गेलं, आमचं कुळागर (पोफळी-माडांची बाग) अजून त्याच पाटाच्या पाण्यावर उभं आहे. पण समोरच्याने आकडा टाकला आणि आपण भावना टाकली, की ऐकणारा आकडाच घरी घेऊन जातो. माझ्या शेजारी बसलेल्या भाच्याने तेच केलं. "मामा, दोन टक्क्यांसाठी एवढं रान उठवलंय?"

झोप येईना म्हणून वही काढली. ती आकडेमोड इथे मांडतो, चुकलं असेल तर सांगा.

हा वाद ऐकणाऱ्या पांचाळ लवादाचा निवाडा १४ ऑगस्ट २०१८ चा. त्यात म्हादई खोऱ्याचं पाणी १८८.०६ टीएमसी (अब्ज घनफूट) धरलं आहे, ७५ टक्के विश्वासार्हतेने, म्हणजे साधारण चारांतल्या तीन वर्षी किमान एवढं मिळेल असं. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी. त्यातले ८.०२ वीजनिर्मितीचे, ते पाणी परत नदीत येणार. १.५ खोऱ्यातल्या खोऱ्यात वापरायचे. उरलेले ३.९ मात्र डोंगरापलीकडे मलप्रभेत जाणार: कळसाचे १.७२ आणि भांडुराचे २.१८. गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. आता ३.९ ला १८८ ने भागा. २.०७ टक्के. गृहस्थ खोटं बोलत नव्हते.

पण हे १८८ कुठलं? ते अख्ख्या २,०३२ चौरस किलोमीटर खोऱ्याचं आहे. त्यात गोव्याचे १,५८०, कर्नाटकाचे ३७५ आणि महाराष्ट्राचे ७७. खांडेपारचं पाणी, वाळवंटीचं पाणी, पार पणजीपर्यंत मांडवीला (म्हादईचंच खालचं नाव) मिळणारा प्रत्येक ओहोळ त्यात आला. पाणी उचलणार ते मात्र अगदी वर, डोक्याशी. खोऱ्यात सगळीकडे सारखंच पाणी उपजतं असं धरलं, तर कर्नाटकातल्या ३७५ चौरस किलोमीटरातून सुमारे ३४-३५ टीएमसी खाली उतरतं. त्यातले ३.९ म्हणजे ११ टक्के! घाटमाथ्यावर पाऊस जास्त पडतो, म्हणून खरा आकडा थोडा कमी निघेल, पण तो दोनवर येऊन टेकणार नाही. आणि ज्या नाल्यांतून पाणी उचलणार, त्या नाल्यांपुरता हिशेब केला तर तो अकराच्या कितीतरी वर जाईल.

म्हणजे पणजीच्या पुलावर उभं राहून बघितलं तर दोन टक्के आणि वर सीमेलगतच्या आमच्या सत्तरी तालुक्याच्या पहिल्या गावात उभं राहून बघितलं तर अकरा. नदी तीच. हाही वर्षाचाच हिशेब झाला. आपल्याकडे बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडून जातो. फेब्रुवारीत, मार्चमध्ये कुठल्या नाल्यात किती पाणी असतं आणि त्यातलं किती राहील, हे कोष्टक मला आजवर कुणी दाखवलेलं नाही, ना तिकडच्यांनी ना आपल्यांनी. माझी तक्रार एवढीच आहे.

पर्वरी_कोडर

मास्तर, गणित आवडलं. तरी मी तुमच्या भाच्याच्या बाजूने बोलतो.

गोव्यात पावसाळ्यात इतकं पाणी पडतं की आपण त्याचं काय करावं ते आपल्याला कळत नाही. जुलै २०२१ मध्ये सत्तरी-डिचोलीत घरं बुडाली, दूधसागरजवळ रेल्वे रुळावरून घसरली. हे सगळं पाणी शेवटी समुद्रात जातं. पलीकडे हुबळी-धारवाडला नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं, हे मी तिथे नोकरी करताना बघितलंय, भांडी भरून ठेवत होतो. २०११ च्या जनगणनेत त्या शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास. माणशी रोज १३५ लिटर धरले तर वर्षाला सुमारे १.६५ टीएमसी लागतं. ३.९ म्हणजे त्याच्या दुपटीहून जास्त, हे मान्य. पण शहर वाढतंय, आजूबाजूला गावंही आहेत. तहानलेल्याला पाणी देऊ नका असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दुसरं, लवादाने आपल्याला २४ टीएमसी दिलं. त्यासाठी आपण काय बांधलं? उन्हाळ्यात पर्वरीत माझ्या इमारतीत टँकर येतो. तो दोष कर्नाटकाचा नक्कीच नाही.

खाजनकाठ

"समुद्रात जातं" हे वाक्य वाचलं की माझा संताप होतो. कोडरभाऊ, राग तुमच्यावर नाही, या वाक्यावर आहे. पाणी समुद्रात गेलं म्हणजे वाया गेलं, ही समजूत धरणं बांधणाऱ्यांनी आपल्या डोक्यात घातली आहे.

मी चोडणचा. आमच्याकडे मांडवी म्हणजे अर्धी नदी आणि अर्धा समुद्र. भरतीचं पाणी मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत चढतं. पावसाळ्यात वरून गोडं पाणी लोटतं, तेव्हा ते खाऱ्याला बाहेर ढकलतं. पाऊस थांबला की खारं पुन्हा वर सरकायला लागतं, दर आठवड्याला थोडं थोडं. मे महिन्यात ते कुठपर्यंत पोचेल हे दोनच गोष्टींवर ठरतं: भरती किती आणि वरून गोडं किती. भरती आपल्या हातात नाही.

आमच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत, शेती होते ती याच खेळावर. बांध, मानस (पाणी आत-बाहेर सोडायची दारं), आणि पहिल्या पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन नेणं. मीठ नीट धुतलं गेलं नाही तर कोरगूटसुद्धा नीट उगवत नाही, आणि कोरगूट हे खारटपणा सोसणारं भात आहे! सुंगटांची (कोळंबीची) पिल्लं वाढतात ती याच निमखाऱ्या पाण्यात. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ मध्ये स्थापन झालेली; मांडवी-जुवारीच्या खारटपणावर तिथल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं काम केलंय. नदीचं तोंड कसं श्वास घेतं हे त्यांना विचारा. आपले पुढारी चॅनेलवर जातात, पण दोनापावलाला जाऊन तासभर बसत नाहीत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. जुलैमध्ये वरून ३.९ टीएमसी कमी आलं तर चोडणला कुणाला कळणारही नाही. मी तसं म्हणणार नाही. कळेल ते नोव्हेंबरनंतर, जर उपसा तेव्हाही चालू राहिला तर. म्हणून मास्तरांचा महिन्यांचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. "पावसाळ्यातलंच नेणार" असं कुणी म्हणत असेल, तर ऑक्टोबरनंतर पंप बंद आहेत हे बघायला तिथे कोण उभं राहणार?

तिळारी_डावा

मी दोडामार्गचा. एक विचारतो. गोव्याला तिळारीच्या कालव्याचं पाणी हवं, पेडणे-बार्देसात ते जातं. पण आम्ही विर्डीला धरण म्हटलं की गोव्याची नोटीस येते. लवादाने महाराष्ट्राला जे १.३३ दिलंय तेही आम्ही वापरायचं नाही का?

सत्तरीकर_मास्तर

@तिळारी_डावा, प्रश्न रास्त आहे. तिळारी नदीच खाली शापोरा होऊन गोव्यात येते, तिथे खोरं बदलत नाही, आणि तो दोन राज्यांनी मिळून केलेला प्रकल्प आहे. विर्डीचं पाणी तुमच्याच गावांना त्याच खोऱ्यात मिळणार असेल तर माझा विरोध नाही. पण ते धरण वाळवंटीच्या डोक्यावर आहे आणि खाली साखळीचं पाणी तिच्यावर आहे. तिथलंही महिन्यांचं कोष्टक मी मागणारच.

कणकुंबी_माहेर

इथे सहसा वाचतेच, लिहीत नाही. आज राहवलं नाही.

माझं माहेर खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या बाजूला. सासर फोंड्याला. म्हणजे ज्या पाण्यावर तुम्ही सगळे भांडताय ते माझ्या माहेरून निघतं, आणि ओपाच्या नळाने माझ्या स्वयंपाकघरात येतं ते खांडेपारचं पाणीही त्याच मांडवीला मिळतं. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि म्हादई देगावच्या बाजूला. दोन्ही एकाच पठारावरच्या. एका उतारावर पडलेला थेंब कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जातो, दुसऱ्या उतारावरचा पणजीला. लहानपणी वडील चोर्ल्याच्या वाटेवर उभं करून दाखवायचे, हे पाणी त्यांचं, हे पाणी यांचं.

कळसाचं खोदकाम २००६ च्या सुमारास सुरू झालं. मी तेव्हा लग्न होऊन आले होते, दर वर्षी जत्रेला गेले की नवीन चर दिसायचा. तांबडी माती उपसून डोंगर उघडा पडलेला. त्यानंतर काही वर्षांनी भावाच्या विहिरीचं पाणी एप्रिलमध्येच तळाला जायला लागलं, पूर्वी मे अखेरपर्यंत पुरायचं. खोदाईमुळे झालं का? भाऊ म्हणतो हो. कचेरीतला माणूस म्हणाला नाही, पाऊसच कमी झाला. दोघांकडेही कागद नाही. विहिरीची पातळी आधी कुणी मोजली होती का? नव्हती.

आणखी एक. ही सगळी गावं मराठी. मुलं मराठी शाळेत शिकतात, सातबारा मात्र कानडीत येतो. सीमाप्रश्नावर मोर्चा निघाला की आमची आठवण होते. पाण्याच्या भांडणात कर्नाटक आमच्या नावावर पाणी मागत नाही, गोवा आम्हाला पलीकडचे समजतो. पाणी जाणार ते आमच्या दारातून आणि आम्हालाच कुणी विचारत नाही. गोव्याच्या शिष्टमंडळांच्या गाड्या येतात, कालव्यावर फोटो काढून जातात. गावातल्या एका तरी बाईला कुणी विचारलं का, की तू पाणी कुठून आणतेस?

पणजी_जुनी_वस्ती

ताई, तुमचं लिहिणं वाचून काही वेळ गप्प बसलो.

मी राजकारणावर लिहितो, कारण ते टाळून चालणार नाही. डिसेंबर २०१७ मध्ये गोव्याच्या मुख्यमंत्र्यांनी, म्हणजे मनोहर पर्रीकरांनी, कर्नाटक भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष येडियुरप्पांना पत्र लिहिलं, की पिण्यासाठी रास्त पाणी देण्याला तत्त्वतः विरोध नाही. तेव्हा पलीकडे निवडणूक तोंडावर होती. निवाडा २७ फेब्रुवारी २०२० ला राजपत्रात आला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने सुधारित आराखड्याला मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या सभेत केंद्रीय गृहमंत्र्यांनी सांगितलं की वाद मिटवून म्हादईचं पाणी कर्नाटकाला दिलं. पुन्हा तिकडे निवडणूक जवळ. फेब्रुवारीत केंद्राने निवाडा अमलात आणण्यासाठी ‘प्रवाह’ प्राधिकरण मंजूर केलं. या तारखा एका ओळीत लावा, आणखी काही सांगायची गरज उरत नाही. काँग्रेसवाल्यांनी फार खूश होऊ नये. कर्नाटकात त्यांचं सरकार आलं तेव्हा कळसा-भांडुराची मागणी तसूभरही मंदावली नाही. तिकडे सगळे पक्ष या प्रश्नावर एक होतात. आपल्याकडे सत्तेत असताना एक भाषा आणि विरोधात असताना दुसरी.

पण माझ्या मते गोव्याच्या हातात एक हुकमी पान आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम २९: अभयारण्यात येणारं किंवा तिथून बाहेर जाणारं पाणी मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवान्याशिवाय वळवता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये याच कलमाखाली कर्नाटकाला नोटीस गेली. वर जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने म्हादई परिसर तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करा असं सांगितलं. व्याघ्र प्रकल्प झाला असता तर आपली बाजू किती भक्कम झाली असती! पण आपलंच सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि सत्तरीतल्या लोकांनीही विरोध केला. मास्तर, राग मानू नका, पण हे मला समजत नाही. नदी हवी आणि वाघ नको, असं कसं?

सत्तरीकर_मास्तर

राग नाही, पण उत्तर थोडं लांब देईन. हा प्रश्न पणजीहून जितका सरळ दिसतो तितका वाळपईहून दिसत नाही.

जानेवारी २०२० मध्ये गोळावलीच्या रानात वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारलेले सापडले. ते फोटो बघून मी वर्गात मुलांसमोर बोलू शकलो नव्हतो. त्या रानाच्या वाटा मला पायाखालच्या आहेत. तेव्हा सत्तरीला वाघाची किंमत कळत नाही असं कृपा करून कुणी म्हणू नका. पण त्या दिवसाआधी काय काय झालं तेही ऐका. १९९९ मध्ये म्हादई अभयारण्य जाहीर झालं, २०८ चौरस किलोमीटर. ज्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची कुळागरं, काजूच्या बागा, गुरं चारायची रानं त्यात गेली, त्यांच्या हक्कांचे दावे अजून रेंगाळलेत. सत्तरीत मोकासो (जुन्या इनामी) जमिनींचा गुंता आधीपासूनचा. माणूस पन्नास वर्षं बाग करतो आणि उताऱ्यावर त्याचं नाव नाही. अशा माणसाला ‘व्याघ्र प्रकल्प’ हा शब्द ऐकला की आधी ‘घर खाली करा’ असंच ऐकू येतं. वाघाने म्हैस मारली तर भरपाईसाठी घातलेल्या खेपा त्याला आठवतात.

शेळ-मेळावलीला जानेवारी २०२१ मध्ये आयआयटीच्या विरोधात बायाबापड्या रस्त्यावर आल्या तेव्हाही शहरात लोक म्हणाले, यांना शिक्षण नको, प्रगती नको. विरोध शिक्षणाला नव्हता. ज्या जमिनीचा हक्क आम्हाला देत नाही, ती एका सहीने दुसऱ्याला देता येते, यावर तो राग होता. शेवटी सरकारला तो प्रकल्प तिथून हलवावा लागला.

मी व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूचा आहे. गावात तसं उघड बोलतो आणि त्यासाठी बोलणीही खातो. पण आधी दावे निकालात काढा, उतारे हातात द्या, मग वाघाचं नाव काढा. क्रम उलटा केला की आमच्याच लोकांना नदीच्या विरोधात उभं केल्यासारखं होतं, आणि आज नेमकं तेच झालंय. निवडणुकीपुरती गावं राखायची म्हणून सरकार न्यायालयात व्याघ्र प्रकल्पाला विरोध करतं आणि त्याच तोंडाने म्हादई वाचवतो म्हणतं. हुकमी पान तुमच्या हातात आहे म्हणता, पण ते आम्ही फाडलेलं नाही.

पणजी_जुनी_वस्ती

उताऱ्याची बाजू मला खरंच माहीत नव्हती. मागे याच विषयावर एका ठिकाणी मी सत्तरीवाल्यांबद्दल वाईट लिहिलं होतं. ते मागे घेतो.

पर्वरी_कोडर

दोन दिवसांनी परत आलो. खाजनकाठ यांचं वाचल्यावर ‘समुद्रात वाया जातं’ हे माझं वाक्य मी सोडून दिलं. हुबळीच्या तहानेबद्दलचं मात्र सोडलेलं नाही, ते माझं मत अजूनही आहे.

गांजेला केंद्रीय जल आयोगाचं नदी मोजण्याचं ठिकाण आहे आणि पश्चिमवाहिनी नद्यांच्या नोंदी केंद्राच्या संकेतस्थळावर लोकांना बघता येतात. मी बघायला बसलो तेव्हा मास्तरांचा मुद्दा डोळ्यांसमोर आला. गांजे खूप खाली आहे. वरून किती आलं आणि वाटेतल्या व्हाळांनी किती भर घातली हे तिथल्या एका आकड्यात मिसळून जातं. वर काही कमी झालं तरी एका जोरदार पावसात ते झाकलं जाईल. चोर कुठल्या खोलीत शिरला ते फाटकावर मोजून कळत नाही, तसं हे.

म्हणजे मोजमाप हवं ते सीमेवर, प्रत्येक नाल्यावर. पाण्याची पातळी मोजून दर पंधरा मिनिटांनी मोबाईलच्या जाळ्यातून आकडा पाठवणारी यंत्रं आता काही फार महाग राहिलेली नाहीत. आमच्या क्षेत्रात याहून गुंतागुंतीची कामं लोक शनिवार-रविवारी हौसेने करतात. दोन्ही राज्यं वकिलांवर एवढा पैसा ओतत असताना अशी दहा ठिकाणं उभी करून आकडे सगळ्यांना खुले करायला कुणी का पुढे आलं नाही, हे मला कळत नाही.

खाजनकाठ

कारण आकडा खुला झाला की तो दोन्ही बाजूंना बांधून ठेवतो. गोव्याचंही काही बिंग फुटेल. आपल्या हद्दीत नदीतून रेती किती उपसली जाते, बंधाऱ्यांच्या फळ्या कधी घातल्या आणि कधी काढल्या, हेही त्याच आकड्यात दिसेल.

एक तांत्रिक भर: नुसती पातळी पुरत नाही. पातळीवरून प्रवाह काढायला त्या जागी नदीचा आडवा छेद आणि पाण्याचा वेग अधूनमधून प्रत्यक्ष मोजावा लागतो, आणि पुराने पात्र बदललं की पुन्हा. पण काहीच नसण्यापेक्षा एकाच खुणेवरची सलग पातळी फार मोलाची. दहा वर्षांची साधी वही कोर्टातसुद्धा बोलते.

सत्तरीकर_मास्तर

मी मागे एका खात्याकडे माहिती अधिकारात आमच्या व्हाळाच्या दर महिन्याच्या नोंदी मागितल्या होत्या. उत्तर आलं, अशी माहिती संकलित केलेली नाही. ते पत्र फाइलमध्ये ठेवलंय. त्यानंतर आम्ही शाळेच्या मुलांना घेऊन पुलाच्या खांबावर तेलरंगाने दर १० सेंटीमीटरवर रेघा मारल्या. दर रविवारी सकाळी दोन मुलं जातात आणि वहीत लिहितात. तिसरं वर्ष चालू आहे. गेल्या रविवारची नोंद: ४० च्या रेघेच्या जरा खाली. गेल्या वर्षी याच आठवड्यात ५० होती. यावरून मी काहीही सिद्ध करत नाही, तीन वर्षांनी काही सिद्ध होत नाही. पण एप्रिलमध्ये वायंगणाला (उन्हाळी भाताला) पाणी कुणी किती घ्यायचं हे गावात आता त्या रेघा बघून ठरतं. पूर्वी आवाज चढवून ठरायचं.

कणकुंबी_माहेर

मास्तर, रंग कुठला वापरला? पुरात टिकला का? आमच्या नाल्यावरही एक जुना मोरीचा खांब आहे, खोदकामाच्या वरच्या अंगाला. भावाची मुलगी दहावीत आहे. तिला वाचून दाखवलं तर ती म्हणते, मी करीन. विहिरीचंही मोजते म्हणाली, दोराला गाठी मारून.

पर्वरी_कोडर

ताई, तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला तरी पुरे. दोन्ही ठिकाणचे आकडे एका तक्त्यात घालून मी इथेच दर महिन्याला लावत जाईन. घाटाच्या वर एक खूण आणि खाली एक, मध्ये राज्याची हद्द. असा तक्ता मी तरी अजून कुठे पाहिलेला नाही.

सत्तरीकर_मास्तर

पांढरा आणि तांबडा, लोखंडी गेटला लावतात तो तेलरंग. आधी खांब तारेच्या ब्रशने घासून शेवाळ काढायचं, दोन दिवस कोरडा राहू द्यायचा. जुलैत वरच्या दोन रेघा गेल्या, गणपतीनंतर पुन्हा मारल्या. शून्याची रेघ मात्र मेमध्ये, पाणी सगळ्यांत कमी असेल तेव्हा मारायची, नाहीतर पुढचा सगळा हिशेब चुकतो. आमची मुलं रविवारी सकाळी ७ वाजता मोजतात. तुमच्या भाचीनेही तीच वेळ धरली तर तुलना करता येईल. चोर्ल्याच्या रस्त्याने मला तिकडे यायला तासभर लागेल. पहिल्या दिवशी रंग आणि ब्रश घेऊन मीच येतो.